घाम कुठपर्यंत साथ देतो? खारघर, गिरणगाव आणि एका मर्यादेचा इतिहास

१६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मोठ्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना पुरस्कार द्यायचा होता, प्रमुख पाहुणे होते केंद्रीय गृहमंत्री अमित शाह. राज्यभरातून लाखो श्रीसदस्य आले होते. बरेच जण पहाटेपासून, काही तर आदल्या रात्रीपासून मैदानात होते. कार्यक्रम दुपारी एकच्या सुमारास संपला. त्या दिवशी नवी मुंबईत कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदवलं गेलं. उष्माघाताचा त्रास झालेल्या शेकडो लोकांवर उपचार करावे लागले आणि मृतांचा आकडा अखेर १४ वर जाऊन थांबला.

मी खारघरमध्येच राहते. दुपारी घरात पंख्याखाली बसून रुग्णवाहिकांचे आवाज ऐकत होते. संध्याकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "३८ म्हणजे काय फार नाही गं, आमच्या नागपूरला ४५ असतं. तिथे माणसं कामं करतातच की."

या वाक्याने माझा पिच्छा पुरवला. मी त्या वेळी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय होता मुंबईतल्या कापड गिरण्यांमधली उष्णता आणि कामगारांचं शरीर. म्हणजे ज्या प्रश्नावर मी फोर्टमधल्या पुराभिलेखागारात शंभर वर्षांपूर्वीचे कागद चाळत होते, तोच प्रश्न घरापासून काही मिनिटांवर घडून गेला होता. ४५ अंशांत माणसं कामं करतात, मग ३८ मध्ये बसलेली माणसं का गेली? या पोस्टमध्ये तेच सांगायचा प्रयत्न करते. त्यासाठी आधी थोडं शरीर समजून घ्यावं लागेल, मग इतिहासाकडे जाऊ.

शरीर भरपाई कशी करतं

नुसतं स्वस्थ बसलेलं माणसाचं शरीरही साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं. जुन्या पिवळ्या बल्बएवढी. ही उष्णता सतत बाहेर टाकली तरच आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहतं. हवा थंड असेल तर काम सोपं असतं, उष्णता त्वचेतून हवेत निघून जाते. पण त्वचेचं तापमान असतं साधारण ३५ अंश. हवा त्याहून गरम झाली की उलटा प्रवास सुरू होतो, बाहेरची उष्णता आत यायला लागते. मग शरीराकडे एकच मार्ग उरतो, घाम. तोही नुसता येऊन चालत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून जाते. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम मात्र वाया जातो. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता आहे तिथेच.

हे चालू असताना हृदय जास्त काम करत असतं. त्वचेकडे रक्त पाठवायचं म्हणजे आतड्यांकडे आणि मूत्रपिंडांकडे कमी पाठवायचं. घामामुळे रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणून ठोके आणखी वाढतात. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकत शरीर हिशेब जुळवत राहतं. याला मी भरपाई म्हणते. तरुण, निरोगी माणूस ही भरपाई बराच वेळ करू शकतो. वय झालेल्याला कमी घाम येतो, हृदयाची राखीव ताकद कमी असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत, काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती आहे. भरपाई चालू असते तोवर बाहेरून फारसं काही दिसत नाही. माणूस बोलतो, हसतो, "मी ठीक आहे" म्हणतो. आतलं तापमान फारसं हललेलंही नसतं. मग एका टप्प्यावर हिशेब जुळेनासा होतो आणि तापमान चढायला लागतं. ४० च्या पुढे गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला की तो उष्माघात. रक्त कमी मिळाल्याने आतड्यांचं अस्तर कमकुवत होतं, तिथली विषारी द्रव्यं रक्तात उतरतात, सगळ्या शरीरात दाह सुरू होतो, एकेक अवयव मागे पडतो. तासाभरापूर्वी "ठीक" असलेला माणूस कोसळतो. बघणाऱ्याला ते अचानक वाटतं. शरीराच्या आत मात्र ते सकाळपासून चाललेलं असतं.

माठ आणि कूलर

आता काकूंच्या नागपूरचं. नागपुरात वाळ्याचे पडदे लावलेला कूलर खोली छान गार करतो. तोच कूलर नवी मुंबईत आणून लावा, खोली दमट होईल आणि तुम्ही वैतागाल. माठाचंही तसंच. विदर्भात माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं, इथे जेमतेम. कारण एकच, हवेत आधीच बाष्प असेल तर पाण्याची वाफ होत नाही आणि वाफ झाली नाही तर गारवा नाही. आपलं शरीर म्हणजे या बाबतीत एक माठच आहे.

हे मोजायची पद्धत जुनी आहे. थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळायचं, त्यावरून वारा जाऊ द्यायचा आणि पारा कुठे थांबतो ते बघायचं. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. मी याला ओला पारा म्हणते, कोरडा पारा म्हणजे आपलं नेहमीचं तापमान. हिशेब केला तर कोरडा पारा ४५ आणि आर्द्रता १० टक्के असेल तेव्हा ओला पारा साधारण २१ वर असतो. कोरडा पारा ३५ पण आर्द्रता ६५ टक्के असेल तर ओला पारा २९ च्या पुढे जातो. म्हणजे घामाच्या बाजूने पाहिलं तर दमट ३५ कोरड्या ४५ पेक्षा अवघड आहे. (कोरड्या उन्हानेही माणसं मरतात, विदर्भात दरवर्षी मरतात. तिथे पाणी संपतं, इथे वाफ होत नाही. दोन्ही वाटा शेवटी एकाच जागी जातात.)

हा फरक शास्त्राला कळायला बराच काळ लागला. १७७५ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन या डॉक्टरने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तो आणि त्याचे मित्र १२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या खोलीत काही मिनिटं उभे राहिले आणि धडधाकट बाहेर आले. शेजारी ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजून निघाला. खोलीतली हवा कोरडी होती, घामाची वाफ होत होती, म्हणून ते शिजले नाहीत.

त्यानंतर १३० वर्षांनी, १९०५ मध्ये, जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने दुसऱ्या टोकाचं उत्तर दिलं. (आयुष्याची शेवटची वर्षं भारतात काढणारे जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे चिरंजीव.) कॉर्नवॉलच्या खोल, दमट खाणीत आणि गरम खोल्यांमध्ये त्यांनी स्वतःवर प्रयोग केले. निष्कर्ष असा की कोरडा पारा किती आहे याने फारसं बिघडत नाही. स्थिर हवेत ओला पारा ३१ च्या पुढे गेला की नुसत्या बसलेल्या, उघड्या अंगाच्या निरोगी माणसाचंही तापमान चढायला लागतं. वारा असेल तर मर्यादा थोडी वर सरकते, कष्टाचं काम असेल तर बरीच खाली येते.

२०१० च्या एका गाजलेल्या संशोधनानंतर ही मर्यादा ३५ मानली जाऊ लागली होती, पण तो आकडा कागदावरच्या गणिताचा होता. २०२२ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. दमट हवेतली त्यांची मर्यादा ३० ते ३१ च्या आसपास निघाली. प्रयोगाची पद्धत वेगळी होती, तरी ११७ वर्षांनी आपण हॉल्डेनच्या आकड्यापाशीच परतलो.

गिरणगावातला घाम

हॉल्डेन खाणीत उतरत होते त्याच सुमाराला मुंबईत काय चाललं होतं?

माझे पणजोबा रत्नागिरीहून येऊन परळच्या एका गिरणीत साचे चालवायला लागले. साचा म्हणजे माग. आजोबाही तिथेच लागले. आजोबांकडून ऐकलेलं वाक्य मला अजून आठवतं, "उन्हाळ्यात अंगाचं पाणी व्हायचं आणि ते अंगावरच राहायचं." लहानपणी मला ते नुसतं वर्णन वाटायचं. आता वाटतं, आजोबांनी ओल्या पाऱ्याचा सिद्धांतच सांगितला होता.

सुताला कोरडी हवा चालत नाही. हवा कोरडी झाली की धागा ठिसूळ होतो आणि तुटतो. मुंबई दमट आहे हे कापूस गिरण्यांच्या सोयीचंच होतं. पण शेकडो यंत्रं एका छपराखाली चालली की आतलं तापमान वाढतं आणि तापलेली हवा सुताच्या दृष्टीने कोरडी पडते. त्यावर उपाय म्हणून विणकाम खात्यात मुद्दाम वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडत. आलेला ओलावा टिकावा म्हणून खिडक्या बंद ठेवत. इंग्लंडमध्ये लँकेशरच्या विणकरांनी या वाफेविरुद्ध आवाज उठवला आणि तिथे १८८९ साली हवेत किती ओलावा चालेल याचा कायदा झाला. पण लँकेशर मुळात थंड मुलुख. मुंबईच्या मे महिन्यात वाफ सोडणं म्हणजे काय, याची कल्पना करा. जी वाफ धागा वाचवत होती तीच माणसाच्या घामाचा रस्ता अडवत होती.

यात एक पेच होता आणि तो मला कागदांमध्ये पुन्हा पुन्हा भेटतो. मुंबईत विणकराला मजुरी कामावर मिळायची, म्हणजे जितकं कापड तितके पैसे. धागा तुटला की साचा थांबतो, थांबला की कमाई बुडते. त्यामुळे वाफेने जीव घुसमटला तरी वाफ बंद झालेलीही विणकराला परवडत नसे. शरीराचं नुकसान सोसून पगाराची भरपाई करायची की उलटं, हा रोजचा सौदा होता. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एवढंच दिसायचं की कामगार तक्रार न करता काम करतोय, म्हणजे त्याला चालतंय.

कामगारांना आपली मर्यादा कळत नव्हती असं समजू नका. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे गेलं. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झाल्यास बरं होईपर्यंत पगार. शाळेच्या पुस्तकात आपण रविवारच्या सुट्टीबद्दल वाचतो (ती १० जून १८९० ला मिळाली), पण मला त्या अर्ध्या तासाचं महत्त्व फार वाटतं. दुपारचा अर्धा तास म्हणजे यंत्राच्या उष्णतेतून बाहेर येणं, पाणी पिणं, सावलीत टेकणं, हृदयाचे ठोके खाली येणं. भरपाईचं खातं पुन्हा थोडं भरणं. हॉल्डेनच्या प्रयोगांच्या २१ वर्षं आधी ही मागणी लेखी दिली गेली होती. १८९१ च्या कायद्यात अर्ध्या तासाची सुट्टी आली.

पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादा गळून पडली. काही गिरण्या १४-१५ तास चालायला लागल्या. आरडाओरडा झाला, चौकश्या बसल्या. १९०८ च्या भारतीय कारखाना कामगार आयोगासमोर मालकांच्या बाजूने एक युक्तिवाद वारंवार आला: हिंदी कामगार सलग काम करतच नाही. मध्येच बाहेर जातो, पाणी पितो, विडी ओढतो, अंघोळ करतो, गप्पा मारतो. म्हणजे तास लांब दिसले तरी त्याचा त्रास नाही.

कागदपत्रांत याला टंगळमंगळ या अर्थाचा शब्द आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नुसता राग आला होता. नंतर शरीरशास्त्र वाचलं आणि पुन्हा त्या पानांकडे गेले. पाणी पिणं, अंगावर पाणी घेणं, गरम खात्यातून बाहेर जाऊन बसणं: ज्याला आळस म्हटलं जात होतं त्या यादीतल्या बहुतेक गोष्टी उष्माघात टाळायचे उपाय आहेत. माणसं १४ तास जगत होती ती या टंगळमंगळीमुळे. आणि ती जगत आहेत हे बघून १४ तास चालतात असा निष्कर्ष काढला जात होता. त्यांची भरपाई हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला.

आयोगात मद्रासचे डॉ. टी. एम. नायर हे सदस्य होते. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर थेट मर्यादा हवी, असं त्यांनी बहुमताच्या विरोधात वेगळं टिपण लिहून मांडलं. एक डॉक्टर हे लिहितो, हा मला योगायोग वाटत नाही. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ ला ११ तास, १९३४ ला १०.

मर्यादा कायद्यात आली, पण छपराखाली

१९२३ मध्ये गिरण्यांमधल्या कृत्रिम ओलाव्यावर सरकारसाठी टी. मॅलोनी यांनी तयार केलेला स्वतंत्र अहवाल आला. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालातही हा विषय आहे. १९३४ च्या कायद्यात मला आवडणारी एक कल्पना आली, हवेची थंड करण्याची शक्ती. कामगाराच्या प्रकृतीला धोका होईल इतकी ती कमी असेल आणि रास्त खर्चात वाढवता येत असेल, तर निरीक्षक मालकाला तसा आदेश देऊ शकत होता. "रास्त खर्चात" ही मेख आहेच. तरी पहिल्यांदा प्रश्न असा विचारला गेला की ही हवा माणसाला थंड ठेवू शकते का? त्याआधीचा प्रश्न सुताचा होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात तापमान आणि कृत्रिम ओलावा या दोन्हींवर कलमं आली. त्याखालच्या आदर्श नियमांमध्ये कामाच्या खोलीत ओला पारा ३० अंशांच्या वर जाता कामा नये आणि हवा मिनिटाला किमान ३० मीटर या वेगाने खेळती हवी, अशी तरतूद आहे. ३० अंश! हॉल्डेनच्या मर्यादेच्या बरोबर खाली. नियम किती ठिकाणी पाळला जातो हा वेगळा वाद, पण मर्यादा कागदावर तरी आहे.

आता अडचण बघा. हा नियम कारखान्याच्या खोलीला लागू आहे. छपराबाहेरच्या माणसाला तो लागू नाही. वीटभट्टी, शेत, रस्त्याचं काम, मोकळ्या मैदानातला मेळावा, यांतलं काहीच त्याच्या कक्षेत येत नाही. आणि उघड्यावर तर ओला पाराही पुरत नाही, कारण तिथे ऊन आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत यॅग्लू आणि मिनार्ड या दोघांनी यावर तोड काढली. दक्षिण कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंड या तळावर मरीन सैनिकांचं प्रशिक्षण चालायचं आणि उन्हात कवायत करताना धडधाकट पोरं कोसळायची. त्यांनी तीन मोजमापं एकत्र केली: ओला पारा, कोरडा पारा आणि काळ्या रंगाच्या गोळ्यात ठेवलेला पारा. काळा गोळा उन्हाची धग शोषतो, तुमच्या माझ्या डोक्यासारखी. हा एकत्रित आकडा ठरावीक पातळीवर गेला की कवायत कमी करायची, त्याहून वर गेला की बंद. हा निर्णय आकडा बघून वरिष्ठांनी घ्यायचा, जवानाने हात वर करायची वाट बघायची नाही. शिस्तीत वाढलेला जवान हात वर करणार नाही, हे त्यात गृहीत धरावंच लागतं.

पुन्हा खारघर

हे सगळं घेऊन त्या रविवारकडे परत येऊ.

३८ हा आकडा हवामान केंद्राचा. केंद्रातला थर्मामीटर पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो, म्हणजे सावलीत. तो तसाच ठेवायचा असतो, त्यात चूक नाही. पण मैदानातली माणसं उन्हात होती. खालची जमीन तापलेली, आजूबाजूला दाटीने बसलेली माणसं, त्यामुळे अंगाला वारा कमी. समुद्राजवळची दमट हवा. हॉल्डेनची ३१ ची मर्यादा सावलीतल्या निरोगी माणसाची होती. साठीच्या पुढच्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, उन्हात तासन् तास बसलेल्या माणसासाठी ती बरीच खाली येते. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करायला हवामान खात्याचा निकष आहे, किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. मैदानांसाठी तो किमान ४० अंश आहे. म्हणजे किनाऱ्यावर कमी तापमानही जास्त घातक ठरतं, हे आपल्या यंत्रणेला तत्त्वतः मान्यच आहे. पण हा निकषही कोरड्या पाऱ्याचा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. गिरणीतला कामगार निदान बाहेर सटकू शकत होता. लाखोंच्या गर्दीत मधोमध बसलेल्या मावशीला उठून सावलीत जाणं किती शक्य आहे? सावली कुठे आहे? पाण्यापर्यंत जायचं म्हणजे किती माणसं ओलांडायची? जागा सोडली तर परत मिळेल का, सोबतच्या बायका चुकतील का? शिवाय श्रद्धेच्या ठिकाणी माणूस सोसतो. वारीत सोसतो, उपासात सोसतो. सोसण्याला आपल्याकडे मोल आहे आणि ते असू नये असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की ज्या गर्दीत सोसणं हा गुण आहे, तिथे "त्रास झाला तर सांगा" ही व्यवस्था पुरत नाही. माणसं सांगत नाहीत. आणि उष्माघातात सर्वांत आधी जातं ते भान, त्यामुळे ज्याला सांगायला हवं तोच सांगू शकत नाही.

घटनेनंतर सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली, चौकशीसाठी एकसदस्यीय समिती नेमली, आणि उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ मोकळ्या जागी सरकारी कार्यक्रम घ्यायचे नाहीत असं सांगण्यात आलं. महिनाभराने शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अभ्यास प्रसिद्ध केला: एप्रिल २०२३ मध्ये भारत आणि बांगलादेशात आली तशी दमट उष्णतेची लाट हवामान बदलामुळे किमान ३० पट अधिक संभाव्य झाली आहे. म्हणजे खारघर हा अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही.

भरपाई या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक शरीर करतं, गुपचूप, जिवंत असताना. दुसरी सरकार देतं, नंतर. मला पहिलीचा इतिहास लिहायचा आहे, कारण तिची नोंद कुठेच नसते. गिरण्यांच्या अहवालात उत्पादनाचे आकडे आहेत, गैरहजेरीचे आहेत, अपघातांचे आहेत. दुपारी तीन वाजता साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके किती होते, हे कुठेच नाही. तो कोसळला तर नोंद, नाही कोसळला तर "ठीक".

१२ ते ५ चा नियम चांगला आहे, पण तो घड्याळाचा नियम आहे. त्या रविवारीही माणसं १२ च्या बऱ्याच आधीपासून उन्हात होती. आपल्याकडे ३० अंशांचा ओला पारा कारखान्यासाठी आहे, तर उघड्यावरच्या माणसांसाठी काळा गोळा धरून एक आकडा का असू नये? मैदानात एक उपकरण, एक जबाबदार माणूस आणि त्याच्या हातात कार्यक्रम थांबवायचा अधिकार. लोखंड्यांनी मागितलेला अर्धा तास हेच होतं: विश्रांती कोणाच्या दयेवर किंवा कामगाराच्या चलाखीवर नको, नियमात हवी.

काकूंना मी हे सगळं एकदा चहा पिताना सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या कूलरसारखंच ना. तुमच्याकडे चालत नाही तो." मग थोडं थांबून म्हणाल्या, त्यांच्या गावाकडे बायका मे महिन्यात शेतावर पहाटे जातात आणि अकराच्या आत घरी येतात. "४५ मध्ये कामं करतात म्हटलं ना मी, ती अशी करतात."

जाता जाता, उपयोगाचं एवढं लक्षात ठेवा. उन्हात कुणाला डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत न्या, पाणी द्या, आराम करू द्या. पण माणूस विचित्र बोलायला लागला, ओळखेनासा झाला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला बर्फ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, उष्माघातात घाम असूही शकतो. आणि शेजारचा "मी ठीक आहे" म्हणाला, तरी पाच मिनिटांनी पुन्हा विचारा.